लाईट लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच

मे महिना लागला की या पानावर येणाऱ्या प्रश्नांचा सूरच बदलतो. हिवाळ्यात लोक विचारतात कोणता लॅपटॉप घेऊ, आणि आता सगळे विचारून राहिले की घेतलेला चालू काहून नाही होत. त्यात बऱ्याच जणांचं पत्र एका ओळीचं, 'लॅपटॉप चालू होत नाही, उपाय सांगा.' अरे भाऊ, डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'बरं नाही वाटत' म्हटलं तर तो तरी काय गोळी देणार? कुठवर येऊन थांबतो ते लिहा ना. लाईट लागतो का, पंख्याचा आवाज येतो का, कंपनीचं चिन्ह दिसतं का, त्याखालचे ठिपके फिरतात का, पासवर्डपर्यंत पोचतो का. एवढं लिहिलं तरी माझं अर्धं काम तुम्हीच करून ठेवता. या वेळी ज्यांनी असं नीट लिहिलं त्यांचीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : भाऊ, माझा लॅपटॉप चार वर्षं जुना आहे, घरून अकाउंट्सची कामं करते. परवा दुपारी काम करता करता लाईन गेली, पाच मिनिटांनी आली, आणि तेव्हापासून पॉवरचा लाईट लागतो, पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच्या काळी. जवळच्या दुकानात नेला तर त्यांनी उघडलापण नाही, बटण दाबून पाहिलं आणि मदरबोर्ड गेला म्हणाले, आठ हजार सांगितले. नवीन घ्यायची सध्या ताकद नाही. काय करू?
(एक वाचक ताई, मानेवाडा)

उत्तर : ताई, आठ हजार सध्या पर्समध्येच राहू द्या. न उघडता नुसतं बटण दाबून ज्याला मदरबोर्ड गेल्याचं कळतं त्यानं लॅपटॉप सोडून पत्रिका पाहायला बसावं, जास्त कमवेल. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, जातो, जातच नाही असं माझं म्हणणं नाही, पण बाकी सगळं तपासून झाल्यावर मग तो शब्द काढायचा असतो.

आधी एवढंच ठरवायचं की मशीन मेलं आहे का फक्त स्क्रीन झोपली आहे. चालू करा, दोन मिनिटं जाऊ द्या आणि कॅप्स लॉक दाबून पहा. त्याचा छोटा दिवा तुमच्या बोटासोबत लागत-विझत असला तर आतलं मशीन जागं आहे आणि भानगड डिस्प्लेकडे आहे. मग खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा मारा आणि अगदी जवळून पहा, मागं पुसट पुसट काही दिसलं तर फक्त बॅकलाईट गेला समजा. घरी टीव्ही असेलच, एचडीएमआय केबल लावून पहा, टीव्हीवर चित्र आलं की मदरबोर्डचा विषय बहुतेक तिथेच संपला, राहिली स्क्रीन नाहीतर तिची ती पातळ केबल, जी बिजागरीतून जाते आणि रोज झाकण उघडून-लावून एक दिवस दगा देते. अजून एक, विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी अशी चारही बटणं एकदम दाबायची, त्यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारं सॉफ्टवेअर, नव्यानं सुरू होतो, बारीकशी बीप ऐकू येते आणि कधी कधी तेवढ्यावरच स्क्रीन उजळते. आणि हसू नका, ब्राईटनेसचं बटणपण एकदा वर करून पहा. मी स्वतः एका लॅपटॉपचे सगळे स्क्रू काढून दोन तास बसलो होतो, पोरानं येऊन ब्राईटनेस वाढवला आणि चहा मागितला.

कॅप्स लॉकचा दिवा काहीच बोलत नसेल तर गोष्ट आतली आहे. तो दिवा स्वतःहूनच ठरावीक वेळा लुकलुकत असेल किंवा ठरावीक बीप वाजत असतील तर त्या मोजा, कागदावर लिहा, तो कोड असतो, दर कंपनीचा वेगळा, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ मिळतो.

तुमच्याकडे लाईन गेल्या-आल्यावर झालंय म्हणून मी पहिले हे करून पाहीन: चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीपण काढा, आणि पॉवरचं बटण ३० ते ४० सेकंद दाबून धरा. मोबाईलवर सेकंद पाहूनच धरा, कारण आपल्या मनातले तीस सेकंद बारातच संपतात. यानं बोर्डावर अडकून राहिलेला चार्ज निघून जातो आणि पॉवर सांभाळणारी चिप भानावर येते. मग फक्त चार्जर लावून चालू करा. कोणतं औषध नाही, स्क्रू नाही, पण याच्यानं उठलेले लॅपटॉप मी भरपूर पाहिलेत.

नाही उठला तर पुढचा संशय रॅमवर, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या तात्पुरत्या मेमरीवर, आणि इथं आपल्या नागपूरचा उन्हाळा मधे येतो. मला एक सांगा, लॅपटॉप कूलरच्या समोर ठेवता का? पत्रात तुम्ही लिहिलं नाही पण मे महिन्यात, दुपारी, घरून काम, म्हणजे कूलर असणारच. गेल्या वर्षी बर्डीतल्या माझ्या टेबलावर असाच एक आला होता, लाईट-पंखा सगळं ठीक, स्क्रीन काळी. खालचं झाकण काढलं तर पंख्याच्या जाळीत वाळ्याची एक काडी अडकलेली, ताटीतून उडून आलेली, आणि तांब्याच्या नळीपाशी जिथून गरम हवा बाहेर निघते तिथं धूळ नुसती साचलेली नव्हती तर ओली होऊन, दाबून, वाळून तिचा नमदा झाला होता, चिमट्यानं ओढला तर अख्खी पट्टी निघाली. रॅमची पट्टी बाहेर काढली, तिच्या सोनेरी दातांवर मळकट थर. शाळेतल्या पोरांचं पांढरं खोडरबर घेतलं, दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं एकाच दिशेला घासलं, चुरा ब्रशनं झटकला, पट्टी तिरपी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्क करून बसल्या. चालू केला, स्क्रीन आली. त्या माणसालापण आधी कोणीतरी मदरबोर्डच सांगितला होता.

कूलरची हवा थंड असते म्हणून आपल्याला वाटतं लॅपटॉपलापण बरं वाटत असेल, पण ती ओली हवा आहे, आणि धुळीसोबत ओल म्हणजे आतमधी चिखलच. लॅपटॉप कूलरच्या झोतातून बाजूला घ्या, एवढंच.

तुमच्याकडे रॅमच्या दोन पट्ट्या असल्या तर एक एक लावून पहा, एकीवर चालू झाला तर दुसरी खराब. करायच्या आधी चार्जर काढलेला पाहिजे आणि आतल्या बॅटरीचं कनेक्टरपण काढलेलं पाहिजे, हे करायची भीती वाटत असेल तर करू नका, पण दुकानात जाऊन 'रॅम काढून साफ करून लावा, माझ्यासमोर' असं नक्की म्हणता येईल. पातळ लॅपटॉपात रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथं हा इलाज नाही. आणि डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) वाला नवा लॅपटॉप असला तर रॅम काढून लावल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते, तो नव्या पट्टीशी ओळख करून घेत असतो, घाबरून लगेच बटण दाबून बंद करू नका.

गर्मीचंपण सांगून टाकतो कारण अजून तीन-चार जणांनी विचारलंय. बहुतेक लॅपटॉप आजूबाजूला ३५ डिग्रीपर्यंत तापमान धरून बनवलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नका. प्रोसेसर शंभरच्या जवळ गेला की आधी स्वतःला हळू करतो आणि तरी नाही भागलं की सरळ बंद पडतो, लगेच चालू केला तर पुन्हा बंद. तो बिघडला नसतो, जीव वाचवत असतो. अर्धा तास सावलीत राहू द्या. मग पंखा साफ करून जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची गर्मी बाहेर न्यायला लावलेला लेप) बदलून घ्या. कधी कधी तापमान सांगणारा सेन्सरच खोटं बोलतो हेपण खरं, आठवतं ना, २०२४ च्या मे अखेरीस आपल्या एका ऑटोमॅटिक केंद्रानं नागपूरचं तापमान ५६ डिग्री दाखवलं होतं आणि देशभर बोंब झाली, मग हवामान खात्यानं सेन्सरची गडबड आहे म्हणून सांगितलं. तर लॅपटॉप गार असूनही पंखा बोंबलत असला तर तिकडे पण पाहायचं.

आणि लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर बाकी सगळं सोडा, आतली बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद, वापर बंद, टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, आणि घंटागाडीत टाकायची नाही. सर्व्हिसवाल्याकडून काढून घ्या.

प्रश्न : सर, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या लॅपटॉपचा पंखा वाजत होता म्हणून दुकानात दिला, त्यांनी दुरुस्त केला आणि म्हणे बायोस पण अपडेट करून दिला. घरी आणला तर निळी स्क्रीन, ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागून राहिला. हा व्हायरस आहे का? ते पैसे मागतात तसलं? तिचं सबमिशन त्यात आहे.
(एक वाचक, हिंगणा रोड)

उत्तर : व्हायरस नाही काका, पैसे कोणाला देऊ नका. हे बिटलॉकर आहे, विंडोजचंच कुलूप. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपात हे गुपचूप चालू होऊन जातं, घरच्या कोणाला पत्ताही नसतो. ते मशीनची ओळख ठेवतं आणि बायोस (विंडोजच्याही आधी जागं होणारं मशीनचं सॉफ्टवेअर) बदललं, मदरबोर्ड बदलला, नाहीतर सिक्युअर बूटचं (चालू होताना फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर येऊ देणारं) सेटिंग हललं, की त्याला वाटतं कोणीतरी डिस्क चोरून दुसरीकडे लावली आणि ते किल्ली मागतं. म्हणजे ते आपलं काम बरोबर करून राहिलं आहे, चूक दुकानवाल्याची की अपडेटच्या आधी त्यानं बिटलॉकर थांबवून ठेवलं नाही.

किल्ली कुठं असते ते सांगतो. मुलीच्या मोबाईलवर मायक्रोसॉफ्टच्या साईटला लॉगिन करा, त्याच ईमेलनं जो लॅपटॉपला लावला आहे, तिथं डिव्हाइसेसमध्ये बिटलॉकरच्या किल्ल्या दिसतात. निळ्या स्क्रीनवर एक की आयडी लिहिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरं मोबाईलवरच्या आयडीशी जुळवा, आणि त्याच्यापुढचे ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट, शांतपणे टाका. एकानं वाचायचं आणि एकानं टाकायचं, एकट्यानं केलं की पाचव्या गटात चुकतंच.

आता खरी मेख. अकाउंटमध्ये किल्लीच दिसली नाही तर विचारा, लॅपटॉप घेतला तेव्हा सुरू कोणी करून दिला होता? माझ्याकडे एक केस आली होती, दुकानातल्या पोरानं ग्राहकाची घाई पाहून स्वतःच्याच ईमेलनं सेटअप करून दिलेला, किल्ली त्याच्या अकाउंटमध्ये आणि तो पोरगा पुण्याला नोकरीला लागलेला. फोन लागला, किल्ली मिळाली, नशीब. कॉलेजच्या ईमेलनं लॉगिन केलेलं असेल तर किल्ली कॉलेजच्या आयटीवाल्यांकडे असू शकते, तेपण विचारा. कुठंच नसली तर डिस्क फॉरमॅट करण्याशिवाय मार्ग नाही, मायक्रोसॉफ्टवालेपण ती काढून देऊ शकत नाहीत, आणि 'आम्ही बिटलॉकर तोडून देतो' म्हणणाऱ्याला तर मुळीच द्यायचं नाही.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवत असेल, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले होते, विमानतळावर लोकांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यावरचा इलाज होता सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींवर चालू करून) जाऊन एक फाईल उडवायची, बस. पण कितीतरी ऑफिसात लोक तासन् तास बसून राहिले कारण सेफ मोडच्या आधी बिटलॉकरची किल्ली मागितली जात होती आणि किल्ल्यांची यादी दुसऱ्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये होती. म्हणून किल्ली मिळाली की ती कागदावर लिहून मुलीच्या मार्कशीटच्या फाईलमध्ये ठेवा, लॅपटॉपमध्ये फोटो काढून ठेवू नका.

प्रश्न : लॅपटॉप बंद करून सकाळी चालू केला की लोगोवर अडकतो, ठिपके फिरत राहतात. बटण दाबून बंद करतो, कधी दुसऱ्यांदा होतो कधी तिसऱ्यांदा. पण चालू असताना रिस्टार्ट केला तर एकदम मस्त चालू होतो. असं काहून?
(विद्यार्थी, धरमपेठ)

उत्तर : वा, तूच उत्तर अर्धं दिलंस. विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे खरं शटडाऊन नसतं रे. फास्ट स्टार्टअप नावाचं एक सेटिंग आहे, ते बंद होताना विंडोजच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच उचलतं, म्हणजे कालची गडबडपण तशीच उचलतं. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून होतं. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं पॉवर बटण काय करतं त्याचं पान, आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढून टाक. एक-दोन दिवस पहा.

तरी अडकला तर लोगो आल्यावर बटण दाबून बंद करणं लागोपाठ तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचं निळं पान उघडतं (जुनं एफ८ आता चालत नाही, दाबून दाबून बटण खराब करू नकोस). तिथं ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. पहिले स्टार्टअप रिपेअर, मग नुकतं अपडेट झालं असेल तर अपडेट काढायचा पर्याय, आणि स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोड. सेफ मोडमध्ये नीट चालत असेल तर एखादा ड्रायव्हर नाहीतर नवीन टाकलेला सॉफ्टवेअर दोषी आहे. 'रिसेट धिस पीसी'ला सध्या हात लावू नकोस. हो, आणि त्या निळ्या पानावरपण बिटलॉकरची किल्ली मागू शकतो, वरचं उत्तर वाचून घे.

प्रश्न : स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाईस' लिहून येते. विंडोज गेलं का?
(एक वाचक, कामठी)

उत्तर : आधी बाजूला लावलेला पेनड्राईव्ह काढा. खरंच. नसेल लावलेला तर चालू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि तुमची एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क, विंडोज हिच्यातच असतं) यादीत दिसते का पहा. दिसते आणि तारीख मात्र कधीचीतरी जुनी दाखवते, तर आतली छोटी गोल बॅटरी संपली आहे, सीआर२०३२ म्हणतात, तीन व्होल्टची, ती बदला आणि बूटची सेटिंग पूर्वीसारखी करून घ्या. काही लॅपटॉपात ती वायर लावलेली असते, तसलीच आणायची. एसएसडी यादीत दिसतच नसेल तर एकदा काढून नीट बसवून पहायची, तरी नाही दिसली तर एसएसडीच गेली. ती गेली तर जाताना आवाजपण करत नाही, हेच तिचं वाईट.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे. आठवडाभरापासून चालू व्हायला वीस मिनिटं लावायचा, कालपासून चालूच होत नाही, आतून टिक टिक आवाज येतो. सात-आठ वेळा चालू-बंद करून पाहिलं. त्यात माझ्या गावच्या आठवणींचं लिखाण आहे, साधारण तीनशे पानं, आणि नातवाचे फोटो. दुसरीकडे कुठेही ठेवलेलं नाही.
(एक वाचक, रेशीमबाग)

उत्तर : गुरुजी, पहिली विनंती, हे वाचल्यापासून तो लॅपटॉप एकदाही चालू करू नका. ती टिक टिक हार्ड डिस्कची आहे. आत एक चकती मिनिटाला पाच हजारांवर गरके घेत असते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर वाचणारी सुई फिरते, त्या सुईला जागा सापडत नाही म्हणून ती परत परत मागं जाऊन येते, तोच हा आवाज. दर वेळी चालू केलं की ती चकतीवर ओरखडा काढायची भीती. लॅपटॉप जुना आहे, त्याचं काय ते नंतर बघू, पहिले लिखाण.

घरी कोणी म्हणेल विंडोज नवीन टाकू, कोणी म्हणेल चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवू, कोणी तर फ्रीजमध्ये ठेवायला सांगेल. तिघांनाही चहा पाजा आणि वाटेला लावा. मरत्या डिस्कवर चेकडिस्क म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणं.

हार्ड डिस्क काढून घ्या, या जुन्या लॅपटॉपांत ती खालून दोन-चार स्क्रूंवर असते, अडीच इंची. टिक टिक सुरू होऊन विंडोजपण येत नाही म्हणजे घरी प्रयोग करायची वेळ गेली आहे, डाटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या, आणि त्याला दोनच प्रश्न विचारा: डिस्क उघडायची असेल तर धूळविरहित खोली आहे का, आणि डाटा निघाला नाही तर किती घेणार. टेबलावर पेचकस घेऊन डिस्कचं झाकण उघडायला निघाला तर डिस्क उचला आणि उठा. ज्यांची डिस्क नुसती हळू झाली आहे, आवाज करत नाही, त्यांना मात्र घरी जमतं, डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालायची, दुसऱ्या लॅपटॉपला लावायची, 'फॉरमॅट करायचं का' विचारलं तर नाही म्हणायचं, आणि अख्खी डिस्क कॉपी करत न बसता पहिले सगळ्यात जीवाभावाचं एक फोल्डर ओढून घ्यायचं.

लिखाण हाती आलं की त्याच लॅपटॉपमध्ये साटा एसएसडी टाका, दहा वर्षं जुना असला तरी वीस मिनिटांच्या ठिकाणी मिनिटभरात चालू होईल. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत आणि तुमचं मशीन ११ ला चालणार नाही, म्हणून बँकेचे व्यवहार त्यावर करू नका, नाहीतर नातवाकडून लिनक्स टाकून घ्या, लिहायला तेवढं पुष्कळ आहे.

आणि रिकव्हरीवाल्याला सांगताना 'सगळं काढून द्या' असं सांगू नका. फाईलचं नाव आठवतं का? शेवटची कोणत्या महिन्यात उघडली होती? मराठी टायपिंगचा फॉन्ट कोणता होता? तो जुना फॉन्ट असेल तर तोपण काढून घ्यायला सांगा, नाहीतर तीनशे पानं मिळतील आणि वाचायला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. हे सगळं एका कागदावर लिहून डिस्कसोबत द्या. काय निघालं ते पुढच्या महिन्यात कळवा, मी वाट पाहून राहिलो.